जिवंत माल

मराठीतील एका लहानशा प्रत्ययापासून आरंभ करू. 'तिने पेटी उचलली' आणि 'तिने बाळाला उचलले' ही दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहा. कर्ता तोच, क्रियापद तेच. पेटी कोणताही प्रत्यय न घेता वाक्यात आली. बाळ मात्र 'ला' घेऊन आले. कर्म निर्जीव असेल तर ते सहसा प्रत्ययाविना येते आणि सजीव असेल तर त्याला 'ला' लागतो, असा हा साधा भेद आहे. तो आपण दिवसभर पाळत असतो, आणि पाळत आहोत हे आपल्या ध्यानातही येत नाही.

माणसे आणि वस्तू यांच्या मध्ये जे प्राणी असतात, त्यांच्यापाशी मात्र हा नियम डळमळतो. 'त्याने बैलाला गोंजारले' असे आपण म्हणतो. पण 'त्याने बैल विकला' असेच म्हणतो. 'शेळीला शोधून आणले', पण 'शेळी बाजारात नेली'. 'कोंबडी कापली', 'पिल्ले पाठवली', 'म्हैस घेतली'. व्याकरणदृष्ट्या याला आणखीही कारणे आहेत. कर्म निश्चित आहे की अनिश्चित, याचाही त्यात वाटा असतो, आणि ते तुम्ही वाक्यविचाराच्या घटकात पाहालच. परंतु घेणे, विकणे, पाठवणे अशी व्यवहाराची क्रियापदे आली की सजीवाचा 'ला' गळून पडण्याची शक्यता वाढते, हे कोणाच्याही कानाला जाणवावे. माणसेही यातून पूर्णपणे सुटलेली नाहीत. 'मुलीला पाहिले' आणि 'मुलगी पाहिली' या दोन वाक्यांतील अंतर आपल्या समाजात वाढलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

हा विचार मी अनेक वर्षे वर्गात मांडत आले. मागील वर्षी त्याचा अर्थ मला वर्गाबाहेर, पुण्यातील एका तिसऱ्या मजल्यावरील घरात, एका कुत्र्याच्या निमित्ताने नव्याने उमगला. जिवंत प्राण्याला विमानाने सुखरूप पाठवण्याची तयारी म्हणजे काय, हे या लेखात सांगायचे आहे. तुम्हांपैकी फार थोड्यांवर तशी वेळ येईल. तरीही ही तयारी समजून घेण्यासारखी आहे. ज्याला आपले दुखणे, तहान आणि भीती सांगता येत नाही, त्याच्या वतीने सारे आधीच ओळखून ठेवणे म्हणजे काय असते, हे तिच्यातून नीट कळते.

माझ्या भाचीला आणि जावईबापूंना नोकरीनिमित्त इंग्लंडला जायचे होते. घरात दोन प्राणी होते : चार वर्षांचा बंड्या हा रस्त्यावरून आणलेला गावठी कुत्रा, आणि सोळा वर्षांची मनी ही मांजर. बंड्याला सोबत घेऊन जाऊ, असे भाची म्हणत होती. पण ब्रिटनचा नियम निराळा आहे. अंध किंवा अपंग व्यक्तींना साहाय्य करणारे प्रशिक्षित कुत्रे वगळता, त्या देशात विमानाने येणारा कुत्रा वा मांजर प्रवाशासोबत येऊ शकत नाही. त्याला माल म्हणूनच यावे लागते. त्याचे तिकीट निघत नाही, एअर वे बिल निघते. ज्या कागदावर यंत्राचे सुटे भाग आणि आंब्यांच्या पेट्या जातात, त्याच प्रकारच्या कागदावर बंड्याचेही नाव येणार होते. "मावशी, तुला ही नियमांची भाषा कळते, तू वाचून सांग," असे म्हणून भाचीने कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला, आणि मी या कामात ओढली गेले.

या विषयाची मुख्य नियमावली आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेची, म्हणजे 'आयाटा'ची आहे. ती दरवर्षी सुधारून प्रसिद्ध होते. वन्य प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा 'साइट्स' हा आंतरराष्ट्रीय करार हवाई वाहतुकीसाठी हीच नियमावली प्रमाण मानतो. तिच्यात हत्तीपासून मधमाशीपर्यंत निरनिराळ्या जिवांसाठी पेटी कशी असावी हे सांगितले आहे. मला त्यातील कुत्र्यामांजरांचे प्रकरण तेवढे वाचायचे होते.

पहिले काम मोजमापाचे. कुत्र्याची चार मापे घ्यावी लागतात. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी हे पहिले. जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतची उंची हे दुसरे. खांद्यांपाशी भरणारी रुंदी हे तिसरे. सहज उभे असताना डोक्याच्या किंवा कानाच्या टोकापर्यंत, जे अधिक उंच असेल तिथपर्यंतची, उंची हे चौथे. पेटीची लांबी ही पहिल्या मापात दुसऱ्याचे निम्मे मिळवून येते. रुंदी तिसऱ्या मापाच्या दुप्पट असावी लागते. उंची ही चौथे माप अधिक अंथरुणाची जाडी इतकी असावी लागते. बंड्याची लांबी ७६ सेंटिमीटर आणि कोपराची उंची ३२ भरली, म्हणून पेटी किमान ९२ सेंटिमीटर लांब हवी होती. खांद्यांशी तो २२ होता, म्हणून रुंदी ४४. त्याचे कान उभे असल्यामुळे उंची कानांच्या टोकांपर्यंत मोजावी लागली. ती ६२ भरली, आणि वर अंथरूण.

या बेरजांमागचा अर्थ सोपा आहे. प्राण्याला पेटीत ताठ उभे राहता आले पाहिजे, गिरकी घेऊन वळता आले पाहिजे आणि पाय पसरून नैसर्गिकपणे झोपता आले पाहिजे. पेटी याहून लहान नसावी, आणि अवाजवी मोठीही नसावी. कारण विमान हलले की मोठ्या पेटीत प्राणी भिंतींवर आपटतो. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना पेटी आणखी दहा टक्के मोठी लागते. त्यांचा श्वासमार्ग आखूड असल्याने उष्णतेत आणि ताणात त्यांना धाप लागते. कित्येक विमान कंपन्या अशा जाती स्वीकारतच नाहीत. कार्गोचे भाडे पेटीच्या आकारमानावरही ठरते. त्यामुळे एक माप लहान पेटी घेतली तर बरीच रक्कम वाचते. पुष्कळांना हा मोह होत असणार. जावईबापूंनी आकडेमोड केली आणि मोठीच पेटी घेतली.

पेटीच्या चारही बाजूंनी हवा खेळली पाहिजे. नाक किंवा पंजा बाहेर येईल एवढी भोके असू नयेत. वरचा आणि खालचा भाग जोडायला प्लास्टिकच्या खिट्ट्यांऐवजी धातूचे नटबोल्ट लावणे चांगले. चाके असतील तर काढावीत. पाण्याचे भांडे दाराला आतून पक्के बसवलेले असावे आणि दार न उघडता बाहेरून त्यात पाणी ओतता यावे. आदल्या रात्री त्या भांड्यात पाण्याचा बर्फ करून ठेवला, तर चढउतार करताना पाणी सांडत नाही आणि नंतर हळूहळू वितळून प्यायला मिळते, ही युक्ती आम्हांला पशुवैद्यांनी सांगितली. अंथरुणासाठी गवत किंवा पेंढा घालू नये, कारण त्याबरोबर वनस्पतींचे रोग येतील म्हणून अनेक देश तो अडवतात. ओल शोषणारा जाड कागद आणि त्यावर घरची गोधडी, एवढे पुरते. ती गोधडी धुवायची नाही, असे पशुवैद्यांनी बजावले होते. घराचा वास हीच त्या प्रवासात प्राण्याची एकमेव ओळखीची गोष्ट असते.

यानंतरचे काम सर्वांत लांबणारे आणि सर्वांत महत्त्वाचे होते. पेटी विकत आणून प्रवासाच्या दिवशी प्राण्याला तिच्यात कोंबणे ही तयारी नव्हे. पेटी तीन महिने आधी घरात आली. आरंभी तिचे दार काढून ठेवले होते. पहिल्या आठवड्यात बंड्या तिच्याकडे संशयाने पाहून वळसा घालून जाई. मग त्याचे जेवण पेटीच्या दाराशी ठेवू लागले, नंतर आत, नंतर अगदी मागच्या भिंतीशी. गोधडी आत गेली. दुपारची झोप तो तिथे घेऊ लागला. मग दार बसवले, ते क्षणभर लावले, मग पाच मिनिटे, मग एक तास. शेवटी त्याला पेटीसकट गाडीत ठेवून सिंहगड रस्त्याने फिरवून आणू लागले, म्हणजे इंजिनाचा आवाज आणि हादरे यांचीही सवय व्हावी.

या काळात घरातील भाषेचे काय झाले, ते सांगण्यासारखे आहे. पहिल्या दिवशी सर्वजण त्या वस्तूला 'पिंजरा' म्हणत. मराठीत प्राण्याला ठेवायच्या जागेसाठी शब्दांची वाण नाही : गोठा, खुराडे, डालगे, कोंडवाडा, पिंजरा. यांपैकी गोठ्यात आणि खुराड्यात निवारा आहे. कोंडवाड्यात आणि पिंजऱ्यात अडकवणे आहे. दोन-तीन आठवड्यांनी भाची न ठरवता 'खोली' म्हणू लागली. "बंड्या, खोलीत चल." कुत्र्याला शब्दाचा कोशातील अर्थ ठाऊक नसतो, त्या शब्दापाठोपाठ काय घडते, एवढेच ठाऊक असते. 'खोली' या ध्वनीपाठोपाठ दर वेळी जेवण, गोधडी आणि शांतता आली, म्हणून त्याच्यापुरता त्या ध्वनीचा अर्थ तोच झाला. शब्दाला अर्थ वापरातून येतो, हे विधान मी पुष्कळदा शिकवले आहे. पण त्याचा इतका स्वच्छ दाखला मला क्वचितच मिळाला.

दरम्यान शेजारच्या काकांनी एक उपाय सुचवला. "एवढा खटाटोप कशाला? झोपेची गोळी द्या. उठेल तेव्हा लंडन!" हा सल्ला प्रेमापोटी दिलेला होता आणि तो पुष्कळांना पटणारा आहे, म्हणूनच त्यात काय धोका आहे ते ध्यानात घ्या. आयाटाची नियमावली आणि बहुतेक पशुवैद्य गुंगीच्या औषधाविरुद्ध सल्ला देतात. अशा औषधाने रक्तदाब उतरू शकतो, शरीराचे तापमान सांभाळण्याची शक्ती कमी होते आणि तोल सावरता येत नाही. प्रवासी विमानातील हवेचा दाब हा सुमारे ६००० ते ८००० फूट उंचीवरच्या दाबाइतका ठेवलेला असतो. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही अधिक उंचीवर बसल्यासारखी ती स्थिती असते. निरोगी, जागा प्राणी ती सहज सोसतो. गुंगीतला प्राणी श्वासासाठी मान वळवण्याचेही विसरू शकतो, आणि त्या वेळी त्याच्याजवळ कोणी नसते. काकांना वाटले तसे गोळीने प्रवास संपत नाही; प्राण्याची प्रवास सोसण्याची क्षमता तेवढी संपते.

विमानाच्या पोटात हवा नसते आणि तिथे प्राणी गारठतो, असाही एक समज आहे. प्रत्यक्षात माल ठेवण्याच्या कप्प्यातही प्रवासी कक्षाइतकाच दाब असतो. प्राणी नेण्याजोग्या कप्प्याचे तापमानही राखता येते, आणि कोणत्या कप्प्यात जिवंत प्राणी आहे याची लेखी सूचना वैमानिकाला दिली जाते. खरा धोका बहुधा जमिनीवर असतो : उन्हात तापलेल्या धावपट्टीलगत थांबलेली गाडी, लांबलेले उड्डाण, कोंदट जागेत राहून गेलेली पेटी. म्हणून थेट जाणारे विमान निवडावे, उन्हाळा टाळावा आणि मुंबईसारख्या ठिकाणाहून रात्रीची वेळ घ्यावी. आम्ही नोव्हेंबरातील रात्र निवडली. निघण्याच्या काही तास आधी हलके जेवण, पाणी शेवटपर्यंत आणि पेटीत जाण्यापूर्वी एक लांब फेरफटका, एवढाच त्या दिवसाचा कार्यक्रम होता.

कागदपत्रांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगते. वाक्यात शब्दांचा क्रम बदलला तरी मराठी वाक्य बहुधा तग धरते. या कागदांच्या वाक्यात मात्र क्रमाला सवलत नाही. आधी कुत्र्याच्या मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवायची. तिच्यावर पंधरा अंकी क्रमांक असतो. त्यानंतर रेबीजची लस. चिप नसताना लस दिली तर ती लस कोणाला दिली हे सिद्ध होत नाही, म्हणून ती धरली जात नाही. लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचा; त्यात प्रतिद्रव्यांचे प्रमाण प्रति मिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरले पाहिजे. नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबायचे. ब्रिटनमध्ये पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या आत फीतकृमीवरचे औषध पशुवैद्यांच्या हातून द्यायचे आणि त्याची वेळ नोंदवायची. शेवटी आपल्या केंद्र शासनाच्या पशू संगरोध सेवेचा आरोग्य दाखला. हिशेब केलात तर ही तयारी निघण्याच्या चार महिने आधी, खरे तर त्याहून अगोदर, सुरू करावी लागते हे दिसेल. घाई करणाऱ्याचा प्राणी मागे राहतो.

मनी मागे राहिली ती मात्र घाईमुळे नव्हे. पशुवैद्यांनी तिची तपासणी केली आणि मूत्रपिंडे थकली आहेत, असे सांगितले. सोळा वर्षांच्या मांजरीला एवढा प्रवास सोसेलही कदाचित. पण तो कोणासाठी, असा प्रश्न त्यांनी विचारला. भाची त्या रात्री फार रडली. तिला सोडून जाणे म्हणजे टाकून जाणे, असे तिला वाटत होते. फार म्हातारा, आजारी किंवा गाभण प्राणी पाठवू नये, हेही या तयारीतच येते, आणि तयारीचा हा भाग सर्वांत अवघड असतो. मनी माझ्याकडे आली. खिडकीतल्या उन्हात झोपण्याचा तिचा हक्क आता माझ्या पुस्तकांच्या टेबलावर चालतो.

निघण्याच्या आठवड्यात पेटीवर चिकटवायच्या पट्ट्यांचे काम माझ्याकडे आले. आत जिवंत प्राणी आहे हे सांगणारी अक्षरे किमान अडीच सेंटिमीटर उंचीची असावी लागतात. वरची बाजू कोणती, हे दाखवणारे बाण लागतात. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, खाणे व पाणी केव्हा दिले आणि पुढे केव्हा द्यायचे, हेही लिहायचे असते. बाण आणि चित्रे का असतात, हे तुमच्या लक्षात आले असेल. पेटी उचलणारा कामगार कोणती भाषा वाचतो, किंवा कोणतीही वाचतो का, हे गृहीत धरता येत नाही.

भाचीला या पट्टीवर आणखी काही हवे होते. बंड्याला तीन शब्द पक्के कळत : 'ये', 'बस' आणि 'पाणी'. लंडनच्या विमानतळावर त्याला उतरवून घेणाऱ्या माणसाला हे शब्द कसे कळावेत? रोमन लिपीत ते कसे लिहिले म्हणजे इंग्रज माणसाच्या तोंडून बंड्याला ओळखू येतील, असे तिने मला विचारले. माझ्या सबंध अध्यापनकाळात मला विचारला गेलेला ध्वनिविचाराचा हा सर्वांत उपयुक्त प्रश्न असावा. 'बस'साठी मी तिला रस्त्यावर धावणाऱ्या बसचे इंग्रजी स्पेलिंगच लिहायला सांगितले. ते कोणीही वाचले तरी उच्चार जवळजवळ आपला होतो. 'ये'चेही जमले. 'पाणी'तला 'ण' मात्र इंग्रज जिभेला जमणार नव्हता. 'पानी' म्हटले तरी चालेल, बंड्या समजून घेईल, असे मी म्हटले. ऐकणाऱ्याला तहान असेल तर तो एवढ्या अशुद्ध उच्चाराकडे दुर्लक्ष करतो.

येथवर वाचून तुम्ही म्हणाल की, एका लाडक्या कुत्र्यासाठी सारे घर राबले, यात नवल ते काय? ज्याला नाव आहे त्याचा 'ला' सहसा गळत नाही. 'आम्ही बंड्या पाठवला' असे वाक्य मराठी माणसाच्या तोंडी चमत्कारिकच वाटेल. खरा प्रश्न ज्यांना नाव नाही त्यांचा आहे, आणि ही नियमावली मुख्यतः त्यांच्यासाठी लागते.

माणसाच्या आधी आकाशात प्राणी गेले. १९ सप्टेंबर १७८३ रोजी फ्रान्समध्ये व्हर्साय येथे मोंगोल्फिए बंधूंच्या फुग्याखालच्या टोपलीतून एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा वर गेले आणि थोड्याच वेळात सुखरूप उतरले. तिथे राजा पाहत होता, सारी गर्दी पाहत होती. हवाई मालवाहतूक वाढली तेव्हा पाहणारे कोणी राहिले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास पोलिओच्या लसीसाठी आणि संशोधनासाठी आपल्या देशातून फार मोठ्या संख्येने माकडे परदेशी पाठवली जात. जानेवारी १९५५ मध्ये अशा एका खेपेतील जवळजवळ चारशे माकडे लंडनच्या विमानतळावर गुदमरून मेली. त्यानंतर भारताने काही काळ ही निर्यात थांबवली आणि १९७८ मध्ये ती कायमची बंद केली. १९६० मध्ये आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि १९७८ मध्ये प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम आले. त्या नियमांत माकडांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. पेटीच्या चारही बाजूंनी हवा खेळली पाहिजे, हे वाक्य वाचताना ती माकडे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. नियमाचे कोरडे वाक्य पुष्कळदा कोणाच्या तरी गुदमरण्यातून लिहिले गेलेले असते.

या नियमांचे मला विशेष वाटते ते हे की, ते सर्व प्राण्यांना एकाच मापाने मोजत नाहीत. तुम्हांपैकी कोणी कुक्कुटपालन करीत असेल, तर एक दिवसाच्या पिल्लांची खोकी त्याच्या परिचयाची असतील. शंभर पिल्लांच्या खोक्यात पंचवीस-पंचवीसचे चार कप्पे असतात. अंड्यातील उरलेला बलक उबण्याच्या शेवटी पिल्लाच्या पोटात ओढला जातो. त्या शिदोरीवर ते ७२ तासांपर्यंत दाणापाण्यावाचून तग धरते. म्हणून त्याला प्रवासात खाणे लागत नाही. लागते ती हवा आणि नेमकी ऊब. शोभेचे मासे प्लास्टिकच्या पिशवीत सुमारे एकतृतीयांश पाणी आणि वर प्राणवायू भरून, थर्माकोलच्या पेटीत ठेवून पाठवतात. त्यांना आधी एक-दोन दिवस उपाशी ठेवतात, नाहीतर त्यांच्याच विष्ठेतील अमोनियाने पाणी विषारी होते. घोड्याची मान फार वेळ उंच बांधून ठेवली तर त्याला श्वासनलिकेतील घाण खाली सांडता येत नाही आणि फुप्फुसाचा दाह होतो. म्हणून त्याला मान खाली घालता येईल एवढी सैल दोरी लागते. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातील विंडहूकहून आठ चित्ते खास विमानाने ग्वाल्हेरला आले आणि तेथून हेलिकॉप्टरने कुनोच्या जंगलात गेले. त्यांच्यासोबत पशुवैद्यांचे पथक होते. कुत्र्याला उपाशी ठेवू नये आणि माशाला भरवू नये. पिल्लाला ऊब द्यावी आणि पगला ऊन लागू देऊ नये. प्रत्येक जिवाचे व्याकरण निराळे असते, आणि एकाचे नियम दुसऱ्याला लावले की दुसरा मरतो.

बंड्याच्या प्रवासात सांगण्यासारखे काही घडले नाही, आणि तेच त्या तयारीचे फळ होते. मुंबईच्या कार्गो टर्मिनलवर पेटीचे वजन झाले, कागद पाहिले गेले, चिपचा क्रमांक यंत्राने वाचून दाखल्याशी ताडला गेला. बंड्या गोधडीवर बसून सारे पाहत होता. सुमारे नऊ-दहा तासांचे उड्डाण आणि दोन्हीकडच्या प्रतीक्षेचे तास. हीथ्रो विमानतळावर प्राण्यांसाठी वेगळे केंद्र आहे आणि त्याच्या इंग्रजी नावात 'स्वागत' या अर्थाचा शब्द आहे. गोदामाला हा शब्द कोणी लावत नाही, एवढे मी मनात नोंदवले. तिथल्या कोणी त्याला 'बस' म्हटले की नाही, हे आम्हांला कळले नाही. तो पोहोचला, पाणी प्याला आणि संध्याकाळी भाचीच्या नव्या घरी गेला.

त्या घरात पहिले दोन दिवस तो पेटीतून फारसा बाहेर आला नाही, असे भाचीने कळवले. दार उघडे होते. बाहेर अनोळखी जिना, अनोळखी थंडी, अनोळखी वास, आत गोधडी. तिने त्याला ओढून काढले नाही. जेवण आत दिले आणि ती पेटीशेजारी जमिनीवर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तो आपण होऊन बाहेर आला आणि सोफ्यावर चढला. ती पेटी पुढे कित्येक आठवडे दार काढून तिथेच ठेवली होती.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती, दुकान आणि घर सांभाळून हा अभ्यासक्रम पुरा करीत आहात. विमानाने प्राणी पाठवण्याचा प्रसंग तुमच्यावर आला नाही, तरी टेम्पोत दाटीने उभ्या केलेल्या शेळ्या आणि सायकलीला उलट्या टांगलेल्या कोंबड्या तुम्ही पाहिल्या आहेत. त्यांना नेणाराही बहुधा पोटासाठीच नेत असतो. त्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. कोंबड्या विकल्या, शेळ्या नेल्या, असेच आपण पुढेही म्हणू. भाषा तशी घडली आहे आणि ती एका लेखाने बदलत नाही. मात्र वाक्यातून 'ला' गळला, तरी ज्याच्याविषयी ते वाक्य आहे त्याचा श्वास चालूच असतो. त्याला वळायला जागा आहे का, हवा येते का, पाणी बाहेरून ओतता येते का, एवढे तीन प्रश्न विचारायला कोणत्याही नियमावलीची गरज नाही. आठवडी बाजारातून परतताना ते एकदा विचारून पाहा.